मासे सोडून देणारा जावई

शंतनू लेले शाकाहारी आहे आणि त्याला मासे पकडायचा नाद आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, म्हणून मी हल्ली ती आधीच दोनदा सांगतो. अमेरिकेतल्या वाळवंटात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये मी त्याच्या समोरच्या घरात राहतो आणि तो नोकरी करतो त्याच कॉम्प्युटर-चिपांच्या कारखान्यात काम करतो. मी मूळचा नागपूरचा, घरी दर रविवारी मटण शिजतं, त्यामुळे लेल्यांच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायचा मला काहीएक अधिकार नाही. अधिकार नसताना बोलायला मला फार आवडतं.

नादाची सुरुवात २००२ साली झाली. ब्रूस नावाचा आमचा मॅनेजर त्याला एका शनिवारी लीज फेरी नावाच्या ठिकाणी घेऊन गेला. ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली कोलोरॅडो नदी लाल कड्यांमधून बाहेर पडते ती ही जागा, आमच्यापासून गाडीने पाचेक तासांवर. धरणाच्या पोटातून, खोलातून सोडलेलं पाणी भर उन्हाळ्यातही गारेगार असतं, म्हणून चारी बाजूंनी वाळवंट असून तिथे ट्राउट मासे सुखाने नांदतात. साहेबाला नाही म्हणायचं नाही, हे शंतनू पुण्याहून शिकून आलेला. तो गेला, दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडला आणि परत आला तो बदलूनच. पुढे ब्रूस नोकरी सोडून ओरेगॉनला निघून गेला. जाताना नाद तेवढा आमच्या गल्लीत ठेवून गेला.

हा नाद साधासुधा नाही. गळाला किडा वगैरे लावायचा नाही, ते गावंढळ लोकांचं काम. गळावर पिसं आणि केस बांधून खोटी माशी तयार करायची, लांबलचक दोरी डोक्यावरून मागे-पुढे नाचवायची आणि ती माशी पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटावं, खरीच बसली. मासा फसला की ओढायचा, त्याचं कौतुक करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. त्यासाठी छातीपर्यंत येणारी रबरी विजार लागते, खिसेच खिसे असलेलं जाकीट लागतं, आणि एका साध्या काठीची किंमत बायकोपासून लपवण्याची कला लागते.

"अरे यार, कॅच अँड रिलीज आहे ते," शंतनू मला समजावायचा. "मी कुठे खातो? मी फक्त पकडतो."

म्हणजे माशाला पोटापाण्याच्या कारणासाठी त्रास दिला तर हिंसा, करमणुकीसाठी दिला तर छंद. हे तत्त्वज्ञान मला फारच आवडलं.

त्याहून आवडायचं ते त्याच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्या टेबलावर तो माशा बांधायचा. गळ घट्ट धरायला एक छोटा शिकंजा कायम टेबलाच्या कडेला लावलेला, आणि त्याच्या भोवती कोंबड्याच्या मानेची पिसं, हरणाचे केस, सशाची लव, मोराच्या पिसाचे धागे. अर्धं प्राणिसंग्रहालय तिथे सुट्या भागांत हजर असायचं. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हा गृहस्थ दहीभात खायचा. आणि त्या टेबलावर माशाचा एक तुकडा ठेवायला मात्र सक्त बंदी होती.

ही बंदी शंतनूच्या आईने घातलेली. २००३ मध्ये त्या चँडलरला राहायला आल्या. शंतनूची बायको रुपाली वेंगुर्ल्याची. समुद्र नसलेल्या या राज्यात बर्फातली का होईना, पण आठवड्यातून एकदा मासळी तिला लागायचीच. तिने पहिल्यांदा बांगडा तळला तेव्हा शंतनूच्या आई बेडरूममध्ये जाऊन दाराच्या फटीला टॉवेल लावून बसल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "खा हो तुम्ही खुशाल. मला काही म्हणायचं नाही. फक्त घरात नको." ज्यांना काही म्हणायचं नसतं, ती माणसं घरं हलवतात. तेव्हापासून मागच्या अंगणातल्या पॅटिओवर, उघड्या फरसबंदीवर, एक गॅसची शेगडी आली. एक तवा, एक पातेलं आणि एक प्लॅस्टिकचं ताट यांना गॅरेजमध्ये, मोटारीच्या ऑइलशेजारी, कायमची जागा मिळाली. आई पुण्याला परत गेल्या. शेगडी राहिली. रुपालीनेही वाद घातला नाही, कारण दर रविवारी सकाळी पुण्याहून फोन यायचा आणि सासूबाईंचा पहिला प्रश्न स्वयंपाकाचा असायचा. शंतनूच्या मते ही उत्तम सोय होती. उत्तम सोय कोणाची, हे त्याने कधी विचारलं नाही, मीही नाही.

मग २००५ च्या डिसेंबरात रुपालीची आई वारली आणि रुपालीने वडलांना इकडे आणलं. मनोहर परब. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. वेंगुर्ल्याला पोस्टात होते, निवृत्त झालेले. रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचं, मासळीवाल्यांशी भांडून मासळी आणायची आणि बायकोने रांधायची, असा त्यांचा जन्मभराचा संसार. आता बायको नाही आणि बाजारही नाही. ते सोफ्यावर बसून हवामानाचं चॅनल बघायचे. त्यावर रोज सूर्यच असायचा.

आणि ते जेवेनात. रुपाली पॅटिओवर कधी सुरमई करायची, कधी कोळंबी, ताट बाहेरच्या टेबलावर मांडायची, अप्पा जाऊन बसायचे, दोन घास चिवडायचे आणि हात धुवायचे.

"मासळी ताजी नाय, चेडवा," इतकंच म्हणायचे.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल निघालं, फक्त वजन सोडून. एप्रिलपर्यंत त्यांच्या पट्ट्याची भोकं पुरेनात, तेव्हा त्यांनी सुतळी बांधली. मे महिन्यात त्यांनी शंतनूला बोलावून सांगितलं की माझं परतीचं तिकीट काढा. शंतनूने काढलं, पुढच्या गुरुवारचं. त्या संध्याकाळी रुपाली आमच्या घरी आली आणि माझ्या बायकोपाशी, नीलांबरीपाशी, ओक्साबोक्शी रडली. वेंगुर्ल्याच्या त्या रिकाम्या घरात हा माणूस एकटा गेला तर पावसाळाही काढणार नाही, हे तिला कळत होतं. ते आम्हालाही कळत होतं. मला त्यावर काही खवचट सुचलं नाही, म्हणून मी चहा केला.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि रस्ता ओलांडून घरी गेली. शंतनू टेबलाशी बसून मोराचा धागा गुंडाळत होता. पुढचं मी ऐकलं कारण मी तिच्या मागोमाग गेलो होतो.

"चार वर्षं मासे पकडतोयस ना?" ती म्हणाली. "एक आण. एकच. नदीतला जिवंत. बाबांना समोर बघू दे, मग तरी ते ताजा नाही म्हणणार नाहीत."

"अगं पण मी कीप नाही करत…"

"शंतनू, रिकाम्या हाताने आलास तर तुझी ती काठी मी शेगडीत घालीन."

तिला काठीची किंमत माहीत असावी, असं मला तेव्हा वाटून गेलं.

शनिवारी पहाटे आम्ही तिघे निघालो. गाडी माझी, कारण तिच्या सीटवर अप्पांना आडवं होता येत होतं. अप्पा मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून बसले होते. फ्लॅगस्टाफच्या पाइनच्या थंड जंगलातून जाताना तो पोशाख शहाणपणाचा ठरला, बाकी वेळी नाही. वाटेत शंतनू त्यांना नदीची माहिती देत होता. नियमाप्रमाणे ठरावीक मापाचे एक-दोन मासे घरी नेता येतात. फिनिक्समध्ये उन्हं तापली की लाखभर घरांचे एसी सुरू होतात, विजेची मागणी वाढते, मग धरणातून जास्त पाणी सोडतात आणि ते खाली पोचलं की नदी चढते. रात्री एसी थंडावले की उतरते. पाणी चढायला लागलं की आपण बाहेर निघायचं.

अप्पांनी हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे ही नदी नाय," ते म्हणाले, "नळ आसा."

त्या सकाळी प्रथमच ते एवढं बोलले.

नदी मात्र नळाच्या मानाने देखणी होती. हिरवं पाणी, तळातला गोटा न् गोटा दिसणारं, आणि वर लाल कडे. मी काठावर दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या, चिवड्याचा डबा उघडला. अप्पा खुर्चीत बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. शंतनू विजार चढवून आत उतरला. डोक्यावरून दोरी नाचवायला लागला.

"ह्यो काय करता?" अप्पांनी मला विचारलं.

"माशाला फसवतोय."

"इतक्या लांबून?"

बराच वेळ मासा काही फसला नाही. मग एकदम काठी वाकली, दोरी सरसर पळाली आणि शंतनूचा चेहरा असा उजळला की त्याच्या लग्नाच्या फोटोतही मी तो तसा पाहिलेला नाही. मासा चांगला हातभर होता, कुशीवर गुलाबी पट्टा. शंतनूने तो खेळवत खेळवत जवळ आणला. आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाची कातडी दुखावते. हलकेच गळ काढला. दोन्ही हातांत धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं, त्याला दम खाऊ दिला. आणि सोडून दिला.

मासा शेपटी मारून गेला. शंतनू हसत आमच्याकडे वळला आणि मग त्याचं हसू तसंच्या तसं चेहऱ्यावर राहिलं, नुसता माणूस त्यातून निघून गेला. चार वर्षांची सवय. पाच तास गाडीत बसून तो ज्या एका गोष्टीसाठी आला होता, तीच त्याने अत्यंत हळुवारपणे पाण्यात परत ठेवली होती. मी कपाळावर हात मारला.

अप्पा खुर्चीतून उठले. काठापर्यंत गेले.

"सोडलात?"

"अप्पा, सॉरी… सवयीने…"

"जावयबापू, मारूचो नाय तर टोचूचो कित्याक?"

ते रागावून बोलले नाहीत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. चार वर्षं मी टोमणे मारतोय, त्यातला एकही इतका नेमका बसला नव्हता, याचं मला थोडं वाईट वाटलं.

त्यानंतर माशांनी संप केला. दुपार झाली. शंतनूने माशा बदलल्या, जागा बदलली, देवाचं नाव घेतलं असेल तर तेही बदललं असेल. मग काठाजवळचे कोरडे गोटे ओले दिसायला लागले. तिकडे फिनिक्समध्ये एसी जोरात होते, त्यात आमच्या घरचाही होता, कारण नीलांबरीला घाम चालत नाही. पाणी शंतनूच्या मांड्यांवरून कमरेला आलं. एरवी हा माणूस पहिला गोटा ओला झाला की बाहेर पडून डबा उघडणारा. त्या दिवशी तो हलला नाही.

"शंतनू, बाहेर ये!" मी ओरडलो.

"एक मिनिट!"

"अरे मिनिट कसलं, वाहून जाशील!"

पाणी त्याच्या जाकिटाच्या खालच्या खिशांना लागलं. अप्पा माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. आणि तेवढ्यात काठी वाकली. लहान मासा होता, वीतभराहून थोडा जास्त. शंतनूने तो खेळवला वगैरे नाही, सरळ ओढला, उराशी धरला आणि मागे मागे सरकत, एकदा गुडघ्यावर पडत, काठावर आला. नाकातोंडातून पाणी गळत होतं. हात मात्र सुटला नव्हता.

आता तो मारायचा होता. शंतनूने माझ्याकडे पाहिलं. मी नागपूरचा, मटणाचा अभिमानी. मी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. मटण मी पॅकेटातून आणतो. अप्पा तर जन्मभर बाजारातून मासळी आणणारे, त्यांच्या हातीही मासा कायम मेलेलाच आलेला. तीन पुरुष आणि एक तडफडणारा मासा, असं आम्ही क्षणभर उभे राहिलो.

मग शंतनूने एक गोटा उचलला. "सॉरी," तो माशाला म्हणाला. मासा अमेरिकन, म्हणून इंग्रजीत. डोळे मिटून घाव घातला, तो चुकून स्वतःच्या अंगठ्यावर बसला. दुसरा बरोबर बसला. मग तो बाजूला जाऊन खडकाआड ओकला आणि परत येऊन हात धूत कितीतरी वेळ बसला. मी त्या वेळी काही बोललो नाही. हे माझ्याबद्दल चांगलं म्हणून सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगतो.

अप्पांनी मासा उचलला, कल्ला बोटाने वर करून आत पाहिलं, अंगठ्याने पोट दाबलं.

"ताजो आसा," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा रुपाली दारातच उभी होती. खोबरं वाटून, कोकम भिजवून तयार. मासा बघून तिने शंतनूच्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मासा घेऊन पॅटिओवर गेली. तिनेच साफ केला, कालवण केलं, दोन तुकड्या रव्यात घोळवून तळल्या. मी शेजारधर्म म्हणून थांबलो होतो, म्हणजे वासाने.

ताट मांडलं, बाहेरच्या टेबलावर. चँडलरमध्ये मे महिन्यात सूर्य गेला तरी भिंतींतून ऊन येत राहतं. एक टेबल-फॅन लावलेला, तो गरम हवा इकडची तिकडे करत होता. अप्पा येऊन बसले. रुपालीने वाढलं आणि ती शेगडीपाशी उभी राहिली. काचेच्या सरकत्या दाराआड, थंड घरात, शंतनू आपल्या टेबलाशी दहीभात घेऊन बसलेला. मी दारात.

अप्पांनी भात कालवला. एक घास घेतला. दुसऱ्याला हात थांबला. ते ताटाकडे बघत राहिले.

रुपालीचा बांध फुटला. "आता काय झालं, बाबा? आता तर ताजा आहे ना! तुमच्यासमोर पकडलाय! अजून काय करू मी, सांगा ना, काय करू?"

अप्पांनी मान वर केली. ते फार संकोचले होते, पाहुण्याने पाणी मागताना संकोचावं तसे.

"मासो बरो आसा. भूकपण लागता, चेडवा. पण एकट्यान गिळूक जमणा नाय. तुझी आवस समोर बसायची."

रुपालीच्या आईचा विषय त्यांनी इथे आल्यापासून प्रथमच काढला होता. पाच महिने आम्ही त्यांचं रक्त तपासलं, साखर तपासली, बर्फातली सुरमई तपासली. त्यांना भर उन्हाळ्यात घराबाहेर एका प्लॅस्टिकच्या ताटासमोर एकट्याला बसवलंय, हे कोणी तपासलं नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, कारण मला ती शेगडी इतके दिवस फक्त विनोदी वाटत होती.

सरकतं दार उघडलं. शंतनू बाहेर आला, अप्पांचं ताट उचललं आणि आत घेऊन गेला. टेबलावरची पिसं, केस, लव सगळं त्याने कोपराने सरळ जमिनीवर लोटलं. ताट आपल्या दहीभाताच्या समोर ठेवलं आणि खुर्ची ओढली.

"अप्पा, या."

अप्पा उंबऱ्यापाशी थबकले. "वास येतलो घरात."

"येऊ दे," शंतनू म्हणाला.

ते बसले. शंतनू समोर बसून दहीभात खायला लागला, मान खाली घालून, मिटल्या ओठांनी. वास त्याला झेपत नव्हता हे दिसत होतं, पण तो उठला नाही. अप्पांनी एक तुकडी संपवली. काटे ताटाच्या कडेला नीट रचले. पुन्हा भात मागितला. रुपालीने वाढला, पुन्हा मागितला, पुन्हा वाढला.

"बारीक आसा ह्यो," अप्पा शंतनूला म्हणाले. "पुढच्या आयतवारी जरा मोठो धरा."

तिकीट गुरुवारचं होतं. रुपालीने पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसलं आणि पातेलं उचलून पॅटिओकडे निघाली.

"तुझा ताट खय?" अप्पांनी विचारलं.

"मी खाते नंतर," ती अगदी सहज म्हणाली. "बाहेर. मला सवय आहे, उभ्याने पटकन होतं."

शंतनूचा घास हातातच राहिला. लग्नानंतर आपल्या बायकोने आपल्या घरात मासे कधी बसून खाल्ले, हे तो आठवत होता. तीन वर्षं तरी त्याला काही आठवणार नव्हतं. मला ते त्याच्या क्षणभर आधी कळलं, पण उशीर तेवढाच झाला होता.

तो उठला. माशाचं ताट घरात एकच होतं आणि ते अप्पांच्या पुढ्यात होतं. त्याने ओट्यावरच्या कपाटातून स्टीलचं ताट काढलं, लग्नात पुण्याहून आलेलं, काठावर त्याच्या आईचं नाव कोरलेलं. ते अप्पांच्या शेजारी मांडलं. रुपाली पातेलं धरून तशीच उभी होती, तेव्हा त्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं, आणि माशाचं कालवण कसं वाढतात ते ठाऊक नसल्यामुळे माझ्याकडे दिलं.

रुपाली बसली. मी वाढलं.